गिटारला ब्रेक कशाला

झाईहून टेम्पो निघाला तेव्हा त्या वस्तूवर मिरचीची पोती होती, आणि पोत्यांच्या खाली ती आहे हे बघणाऱ्या कुणालाच कळलं नसतं. पोती डहाणूच्या बाजारात उतरवून झाली, टेम्पो सोसायटीच्या आवारात शिरला, आणि झाईहून आलेल्या नविनने आपल्या मेहुण्याला खिडकीतून हाक मारली, "भाऊजी, ताईचं सामान आणलंय. दोन माणसं लागतील."

चुरीसाहेब, म्हणजे विष्णू चुरी, बनियनवर सदरा चढवत खाली आले आणि "जपून, जपून" म्हणू लागले. नक्की काय जपायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण भूमापन खात्यात हयात गेलेल्या माणसाला अशा वेळी गप्प उभं राहवत नाही. खाली उतरलं ते असं होतं: चार लोखंडी नळ्यांचे पाय, त्यांवर काळपट लाकडाची लांब अरुंद पेटी, पेटीवर दहा तारांच्या जागा आणि त्यांतल्या तीन-चार गंजक्या तारा, खाली जमिनीलगत तीन पायट्या आणि पेटीच्या पोटाला सळया, स्प्रिंगा आणि दांड्यांचं एक जंजाळ.

"शिवणयंत्र दिसतंय," चुरीसाहेब म्हणाले.

"बाबांची गिटार आहे," मागून त्यांच्या पत्नी वसुमतीबाई म्हणाल्या. त्या कधी खाली आल्या ते कळलंच नव्हतं.

"गिटार गळ्यात अडकवतात."

"ही नाही अडकवत," एवढं म्हणून त्या पेटीच्या पोटाखाली वाकल्या, काहीतरी पाहिलं, पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि वर भात टाकायला निघून गेल्या.

टेम्पोच्या पाठोपाठ एक पांढरी गाडी आली होती. तिच्यातून जतीन उतरला. वसुमतीबाईंचं झाईचं माहेरचं घर नविनने याच जतीनला विकलं होतं. घराचं तो होमस्टे करणार होता, शिवाय तलासरीला हायवेवर त्याचं मोठं हॉटेल उभं राहत होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक वस्तूत रिसेप्शनचं काउंटर दिसायचं.

"जुओ काका, मी सीधी वात करतो," तो म्हणाला. "घर आणि घरातलं फर्निचर मी घेतलंय. नविनभाई म्हणतात ही वाजवायची वस्तू आहे. वाजत असेल तर ते वाद्य, बेनच्या पप्पांची निशाणी, मी हात लावणार नाही. वाजत नसेल तर ते टेबल. टेबलवर मी जाड काच बसवणार, आतली मशिनरी वरून दिसेल, एकदम अँटिक. हॉटेलच्या उद्घाटनापर्यंत तुमच्याकडे ठेवा. वाजवून दाखवा आणि तुमचं समजा."

नविनने मान डोलावली. मान डोलावण्याव्यतिरिक्त या सगळ्या प्रकरणात त्याने पुढेही काही केलं नाही, तेव्हा त्याला आपण इथेच निरोप देऊ.

त्या संध्याकाळी वसुमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "लग्नापासून मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही." चुरीसाहेबांना फ्रीज, दोन मिक्सर आणि एक गिरनारची यात्रा आठवली. "ती गिटार मला एकदा वाजलेली ऐकायचीय. त्या काचेखाली ती गेली तर मला अन्न गोड लागायचं नाही." चुरीसाहेबांना वाईट वाटलं, मनापासून वाटलं, आणि त्यांनी तत्काळ काम हातात घेतलं.

कुणीही शहाण्या माणसाने गिटार दुरुस्त करणारा शोधला असता. चुरीसाहेबांनी मूळ शोधायला घेतलं. त्यांचा दोष नाही. ज्याने आयुष्यभर बांधाच्या या बाजूचं कुणाचं आणि त्या बाजूचं कुणाचं एवढंच पाहिलं, त्याच्या दृष्टीने मूळ कळल्याशिवाय कशालाच हात लावता येत नाही. मूळ काय, मग त्यात फेरफार काय काय झाले, मग सध्याची स्थिती, आणि शेवटी, जमलंच तर, दुरुस्ती. चहाचा कप फुटला तरी आधी तो कुणाच्या लग्नात आला होता याची चौकशी त्यांच्या घरात होत असे.

याच शिस्तीपोटी त्यांनी बायकोला फारसं विचारलं नाही. खात्यातला त्यांचा एक जुना नियम होता: मालमत्तेबद्दल वारसांना विचारायचं नाही, वारस आपल्या सोयीचं सांगतात. तरी एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "तुला या वाद्याबद्दल काही माहिती?"

"मला वरचं काही माहीत नाही," वसुमतीबाई म्हणाल्या.

"माहीत नाही," एवढं चुरीसाहेबांनी मनाशी पक्कं केलं आणि आमटी वाढून घेतली.

गिटार गॅलरीत उभी राहिली आणि सोसायटीत तज्ज्ञांना तोटा उरला नाही. खालच्या मजल्यावरचे परेशभाई, ज्यांचा चिकूचे खोके पुरवण्याचा धंदा होता आणि बाकी सर्व विषयांत अधिकार होता, ते दोन पायट्या दाबून म्हणाले, "हा हातमाग आहे. आमच्या सुरतेला असाच असतो." समोरच्या हिरकणीबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या मते ते जुन्या छापखान्यातलं यंत्र होतं, आणि हे सांगताना त्यांनी ओला टॉवेल त्यावर वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी परेशभाईंच्या घरून इस्त्रीचे कपडे आले. "वीज गेलीय आमच्याकडे, आणि तुमचं टेबल अगदी मापात आहे," असा निरोप होता. चुरीसाहेबांनी गिटारभोवती सुतळी बांधून हद्द कायम केली.

शेवटी पुण्याला असलेल्या मुलीने, श्रुतिकाने, फोटो मागवून घेतले आणि जुन्या गिटारी ओळखणाऱ्या जगभरच्या लोकांच्या एका गटात इंटरनेटवर टाकले. वडिलांना तिने फोनवर सांगितलं की हिला पेडल स्टील गिटार म्हणतात. आडवी ठेवून वाजवायची, एका हातात लोखंडी कांडी धरून ती तारांवर सरकवायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, आणि पायांनी पेडल आणि गुडघ्यांनी दांडे दाबले की वाजती तार आपोआप ताणली जाते आणि सूर वळतो. "म्हणजे एकाच वेळी दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे?" चुरीसाहेबांनी खात्री करून घेतली. आपल्या सासऱ्यांबद्दल त्यांच्या मनात प्रथमच आदर उत्पन्न झाला. चिमणभाऊंना त्यांनी पाहिलं होतं ते शेतीपंप दुरुस्त करणारा, एका पायाने लंगडणारा, फारसा न बोलणारा माणूस म्हणून.

आठवडाभरात अमेरिकेतल्या एका आजोबांचं लांबलचक उत्तर आलं. हे आजोबा आयुष्यभर याच गिटारी जुळवत आणि दुरुस्त करत आले होते. श्रुतिकाने मराठी करून वाचून दाखवलं. पेटी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कारखान्यातली, साठच्या दशकातली. असे नग फार थोडे बनले. पाय खरे, पेडल खरे, पेटी खरी. पण पोटाखालच्या सळया कुणीतरी बदलल्यात आणि गुडघ्याचे दांडे काढून टाकलेत. "आणि कृपा करून मला एक सांगा," आजोबांनी शेवटी विचारलं होतं. "दांड्यांच्या जागी सायकलचे हँडब्रेक बसवलेले मला दिसताहेत, आणि तेही जमिनीकडे तोंड करून. तिथे वाजवणाऱ्याचा हात पोचत नाही. मी हजारभर गिटारी उघडल्या असतील. गिटारला ब्रेक कशाला?"

चुरीसाहेब लगबगीने गॅलरीत गेले आणि पालथे पडून पाहू लागले. खरंच ब्रेक होते. चार, जुने, पितळी रिबिटांचे, सायकलच्या मुठीत धरतो तसेच.

गिटारला ब्रेक कशाला, हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सोसायटीचा झाला. परेशभाईंचं म्हणणं, ब्रेक थांबवण्यासाठी असतो, तेव्हा आवाज फार वाढला की थांबवायला. हिरकणीबाई म्हणाल्या, पोरांनी हात लावू नये म्हणून कुलूप असेल. दूधवाल्याला वाटलं, उतारावर ठेवली की ती घसरत असेल. चुरीसाहेबांना एकही उत्तर पटेना. पण सुताने पुसता पुसता त्यांना ब्रेकच्या पोटात ठोकलेला एक ठसा सापडला आणि तहानभूक हरपली. ठसा तलासरीच्या एका सायकल दुकानाचा होता. पूर्वी तासाने सायकली भाड्याने देणारे दुकानदार प्रत्येक भागावर असा ठसा मारत, गिऱ्हाइकाने भाग बदलू नयेत म्हणून.

भाड्याच्या सायकलचे ब्रेक सासऱ्यांच्या गिटारमध्ये. याचा अर्थ एकच होत होता, आणि तो वसुमतीला सांगण्यासारखा नव्हता.

त्यांनी मनाशी ठरवलं: अतिक्रमण काढायचं, मूळ स्थिती आणायची, आणि मालकाचं मालकाला द्यायचं. आजोबांनी त्याच कारखान्याचे मूळ दांडे आणि सळया आपल्या भंगारातून पाठवायची तयारी दाखवली होती. मात्र त्यांनी असंही लिहिलं होतं की ब्रेकचं कोडं सुटेपर्यंत ते काढू नका. चुरीसाहेबांनी ते वाक्य श्रुतिकाकडून ऐकलं होतं. पण कोडं त्यांच्या दृष्टीने सुटलं होतं, आणि उत्तर घराण्याच्या अब्रूचं होतं.

ब्रेक पिशवीत घालून ते एसटीने तलासरीला गेले. दुकान सापडलं. गल्ल्यावर दुकानदाराचा मुलगा सुनिल होता, तोही आता पन्नाशीचा. चुरीसाहेबांनी घसा खाकरून, आवाज खाली आणून, "काही वस्तू पूर्वी अनवधानाने आमच्या कुटुंबाकडे राहून गेल्या" अशी सुरुवात केली.

सुनिलने ब्रेक हातात फिरवले. "हे बाबांचेच. बाबा जाऊन पण वर्षं झाली, काका. तुम्ही एवढ्यासाठी डहाणूवरून आला?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बरं. चहा घेणार?"

परतीच्या एसटीत चुरीसाहेबांना फार हलकं वाटत होतं. एखादी वहिवाट मोकळी करून द्यावी तसं.

अमेरिकेहून पार्सल निघालं आणि एका ऑफिसात अडकलं. ते ऑफिस कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही. टेबलं, पंखे आणि त्यांखाली बसलेली माणसं सगळीकडे सारखीच असतात. आजोबांनी खोक्यावर प्रामाणिकपणे 'नी लिव्हर' असं लिहिलं होतं. गुडघ्याचा उल्लेख पाहून तिथल्या साहेबांनी ते वैद्यकीय उपकरण ठरवलं होतं आणि रुग्ण आल्याशिवाय सोडता येणार नाही असं कळवलं होतं.

"ही गिटार आहे," चुरीसाहेबांनी समजावलं.

"गिटारला गुडघा नसतो," साहेब म्हणाले. मुद्दा असा होता की चुरीसाहेबांनाही महिन्यापूर्वी हेच वाटलं असतं.

बरोबर आलेल्या परेशभाईंनी त्यांना जिन्यात नेलं. "तुम्ही सत्य सांगून पाहिलं, आता लंगडून पाहा." चुरीसाहेबांनी आयुष्यात मोजणीची साखळी एक कडीही इकडची तिकडे केली नव्हती. पण डोळ्यांसमोर जाड काच आली, आणि काचेखाली वसूच्या बाबांची गिटार. ते जिन्यातून परत आले ते उजवा पाय ओढत. साहेब लगेच उठून उभे राहिले, त्यांनी स्वतः खुर्ची सरकवली, आणि पार्सल येईपर्यंत आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यांना कुठल्या तेलाने आराम पडला ते सविस्तर सांगितलं. एवढ्या आस्थेने चुरीसाहेबांशी कुठल्याच ऑफिसात कुणी बोललं नव्हतं. त्यांना त्या माणसाला फसवल्याची इतकी लाज वाटली की रस्ता ओलांडून पार रिक्षात बसेपर्यंत ते लंगडतच राहिले.

नवे जुने भाग बसले. तारा वापीहून आल्या. आजोबा त्यांच्या सकाळी आणि आपल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यायचे, परेशभाई फोन धरायचे आणि चुरीसाहेब गुजराती-मराठी-इंग्रजी सूचनांच्या गलक्यात स्क्रू पिळायचे. पेटी चकाकू लागली. मूळ स्थिती पूर्णपणे प्रस्थापित झाली. आता फक्त कुणीतरी वाजवायला हवं होतं.

तलासरीच्या पुढच्या एका पाड्यात, एके काळी चिमणभाऊंच्या बेंजो पार्टीत वाजवणारे दौलतमास्तर राहत. बेंजोवर हात असा की एके काळी त्यांच्या तारखेवर लग्नाच्या तारखा ठरायच्या, असं निदान ते स्वतः सांगत. काळा गॉगल, कलप लावलेले केस, बोटांत चकचकीत नख्या आणि बगलेत स्वतःची उशी, अशा थाटात ते जतीनच्याच गाडीतून आले. उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि जतीन काचवाल्यालाही बरोबर घेऊन आला होता. "माप घेऊन ठेवू, काका. मनावर घेऊ नका," तो म्हणाला.

दौलतमास्तर उशी ठेवून बसले. "चिमण बेंजो पार्टी, झाई. मी पुढं, भाऊ मागं. लोक नाचायचं सोडून भाऊंचं ऐकत उभं राहायचे. ही गिटार भाऊंना एका फिल्मस्टारनी दिली."

"मागच्या वेळी फोनवर तुम्ही कप्तान म्हणालात," चुरीसाहेबांनी नोंद घेतली.

"कप्तान पण असंल."

त्यांनी लोखंडी कांडी तारांवर ठेवली आणि छेडलं. आवाज आला. गोड, सरळ, सपाट आवाज. मग त्यांनी पेडल दाबायला पाय उचलला तर कांडी सरकली. कांडी सांभाळली तर गुडघा चुकला. गुडघा लागला तर उशी निसटली. चुरीसाहेबांनी पायाशी बसून त्यांचा घोटा धरून दाबून पाहिला. परेशभाईंनी दुसरा गुडघा घेतला. तिघांनी मिळून जो आवाज काढला त्याला घाबरून हिरकणीबाईंच्या घरातलं मांजर जिन्याने खाली गेलं.

दौलतमास्तरांनी गॉगल काढला. "हे ते नाय. भाऊंचा सूर वळायचा, रडायचा. कसा ते मला कधी कळलं नाय. स्टँडला खालपर्यंत मखमलीचा पडदा असायचा, पार्टीचं नाव लिहिलेला. तो उचलायचा नाय असा भाऊंचा कायदा."

"काका," जतीन हळूच म्हणाला, "हे वाजणं नाही. हे टेबल हलणं आहे." आणि त्याने काचवाल्याला खूण केली. काचवाल्याने मापाची फीत पेटीवर टाकली.

त्याच वेळी वसुमतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी फीत पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग ट्रे खाली ठेवला आणि वाकून पेटीच्या पोटाखाली पाहिलं.

"माझे ब्रेक कुठे गेले?" त्या म्हणाल्या.

काचवाल्याने फीत उचलून घेतली.

"माझे ब्रेक कुठे गेले, अहो?"

"ते... मूळ मालकाला परत केले," चुरीसाहेब म्हणाले. "वसू, ते भाड्याच्या सायकलचे होते. मी तुला सांगणार नव्हतो."

वसुमतीबाई जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी सांगितलं, आणि गेले दोन महिने जे कोडं अमेरिकेपासून दूधवाल्यापर्यंत कुणालाही सुटलं नव्हतं ते चहा निवायच्या आत सुटलं. हायवेवर चारोटीजवळ एका गोऱ्या माणसाची व्हॅन बंद पडली होती. व्हॅनमध्ये ही गिटार होती. चिमणभाऊ इंजिन दुरुस्त करायला गेले आणि त्याला व्हॅनसकट झाईला घेऊन आले. गोऱ्याला चिकू फार आवडले, ते त्याने नको इतके खाल्ले, आणि महिनाभर पोट धरून ओटीवर पडून राहिला. त्या महिन्यात त्याने चिमणभाऊंना वाजवायला शिकवलं आणि जाताना गिटार ठेवून गेला. पण चिमणभाऊंचा डावा पाय पंपाखाली सापडून अधू झाला होता. त्यांना पेडल दाबता येईना आणि गुडघाही लागेना.

"मग बाबांनी मला खाली बसवलं. मी आठ वर्षांची होते. पेडलसाठी हात पुरत नव्हते, म्हणून तलासरीच्या सायकलवाल्या काकांनी माझ्या मुठीचं माप घेऊन ब्रेक लावून दिले. त्यांच्याच दुकानातले, हौसेने. बाबा उजव्या पायाच्या अंगठ्याने मला खूण करायचे, की मी ओढायची. लोकांना वाटायचं सूर आपोआप वळतो. म्हणून तो पडदा, आणि कुणाला सांगायचं नाही अशी बाबांची शपथ. मी मोठी झाले, खाली मावेना, तेव्हा पार्टी बंद पडली. नविनला बसवून पाहिलं, तो झोपायचा."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं की मला वरचं काही माहीत नाही. खालचं तुम्ही विचारलं नाही."

चुरीसाहेबांना वाटलं, जमीन दुभंगावी. ज्याला त्यांनी चोर ठरवलं होतं त्याच्या लेकीच्या मुठीचे ब्रेक ते स्वतः एसटीने जाऊन देऊन आले होते. ते उठले, चपला शोधू लागले आणि दोन्ही डाव्या घातल्या.

"बसा गाडीत," जतीन म्हणाला. "काच उद्या पण कापता येईल." त्याला आता रिसेप्शनपेक्षा त्या ब्रेकची उत्सुकता जास्त होती.

तलासरीत सुनिलने हात वर केले. "काका, तसलं लोखंड आता मिळत नाय. जिवलीच्या सायकलला बसवले. भाजी घेऊन येते ती बाजारात." बाजार उठत आला होता. टोपल्या आवरणारी जिवली सापडली, सायकलही सापडली, आणि हँडलला दोन ब्रेक चकाकत होते. उरलेले दोन सुनिलच्या डब्यात निघाले.

चुरीसाहेबांनी हात जोडून सगळं सांगायला घेतलं. गोऱ्याच्या पोटदुखीपर्यंत पोचले तेव्हा जिवलीने विचारलं, "नवे बसवून देता काय?"

"देतो."

"मंग घ्या ना जुने. एवढी कथा कशाला?"

भूमापन खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेले विष्णू चुरी भर बाजारात भेंडीच्या टोपलीला टेकून उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ब्रेक सोडवले. ओळखीच्या दोघांनी जाता जाता नमस्कार केला. चुरीसाहेबांनी मान वर केली नाही.

घरी परतल्यावर कामाची सूत्रं बदलली. वसुमतीबाई पदर खोचून गिटारखाली उताण्या झोपल्या आणि तिथून हुकूम सुटू लागले. "हा इथे नाही, पलीकडच्या खाचेत. तो उलटा लावलात. परेशभाई, तुम्ही फक्त टॉर्च धरा." व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतले आजोबा हजर होतेच. नऊवारी नव्हे पण साडीतली एक बाई गिटारखाली झोपून पाना फिरवतेय हे पाहून ते आधी पडद्याजवळ सरकले. मग पुण्याहून त्याच कॉलवर असलेल्या श्रुतिकाने त्यांना ब्रेकचं कारण सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती पुन्हा घातली नाही.

गिटारचे पाय विटांवर चढवले, दौलतमास्तरांना जेवणाच्या टेबलावरच उशी टाकून बसवलं, आणि साठीच्या वसुमतीबाई खाली मांडी घालून बसल्या. चार ब्रेक, दोन हात. पण कुठल्या बोटाने कुठला ओढायचा हे त्यांना आठवावं लागलं नाही.

दौलतमास्तरांनी छेडलं, पायाच्या अंगठ्याने खूण केली. वाजता सूर अर्ध्यातून वर चढला, थोडा थबकला आणि हळूच खाली उतरला, एखादं माणूस हाक मारता मारता रडावं तसा. दौलतमास्तर वाजवताना काही बोलले नाहीत, आणि तसं त्यांच्या बाबतीत कधी होत नसे. जतीन भिंतीला टेकून उभा होता. धून संपली तेव्हा त्याने काचवाल्याच्या हातातली फीत घेतली, गुंडाळली आणि त्याच्या खिशात घातली.

"वाद्य आहे," तो म्हणाला. "मारा बापुजी पण असंच काहीतरी गायचे."

चुरीसाहेब खाली वाकले. वसुमतीबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण हात अजून ब्रेकवर होते.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" त्यांनी विचारलं. "ऐकलंस ना?"

"कुठे ऐकलं?" त्या म्हणाल्या. "खाली नुसता सळयांचा खडखडाट येतो. तेव्हाही तेवढाच यायचा. टाळ्या वाजायच्या, लोक बाबांकडे बघत असायचे, आणि मला बाबांचे पाय दिसायचे. वाजवताना ते कसे दिसतात, सूर कसा येतो, ते मला कधी कळलं नाही. मला एकदा समोर बसून ऐकायचंय." त्या सरपटत बाहेर आल्या आणि उठायला त्यांनी हात पुढे केला. "आता तुम्ही बसा खाली."

चुरीसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. परेशभाई होते, हिरकणीबाई होत्या, जतीन, काचवाला आणि फोनमध्ये अमेरिका होती. मग त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि हळूहळू, आधी एक गुडघा, मग दुसरा, असे ते गिटारखाली शिरले.

वसुमतीबाईंनी दोन बोटांत काय आणि चार बोटांत काय ते दाखवलं. मग त्या समोर खुर्ची ओढून बसल्या, असं चुरीसाहेबांना आवाजावरून समजलं. दौलतमास्तरांचा अंगठा त्यांच्या खांद्यात रुतला. त्यांनी ओढलं. डोक्यावर सळया खडखडल्या आणि त्याहून वर, कुठेतरी फार लांब, काहीतरी घडलं असावं, कारण सगळी माणसं एकदम शांत झाली. चुरीसाहेबांना फक्त समोर खुर्चीच्या पुढे टेकलेली बायकोची पावलं दिसत होती. आधी ती अगदी स्थिर होती. मग डाव्या पायाचा अंगठा उचलला जाऊ लागला, पडू लागला, पुन्हा उचलला जाऊ लागला.

तिचा चेहरा आत्ता कसा दिसत असेल हे पाहावं असं त्यांना फार वाटलं. इतकं कधी वाटलं नव्हतं. ते थोडे पुढे वाकले आणि त्यांचं डोकं पेटीवर आपटलं.

"वसू," त्यांनी खालून विचारलं, "कसं वाटतंय?"

"बोलू नका हो," वरून उत्तर आलं. "ब्रेक धरा."

त्यांनी ब्रेक धरला.